सल्तनत-ओपाची बिनशिट्टीची कवायत

रिश्तानच्या भांड्यांच्या कारखान्यात सल्तनत-ओपानं सव्वीस वर्षं एकच काम केलं. बसलेल्या माणसांना उठवलं.

सकाळचे अकरा वाजले की भिंतीवरच्या भोंग्यातून पियानो सुरू व्हायचा, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेली ही पाच फुटांची बाई उपड्या खोक्यावर चढून गरजायची, "उठा! मान डावीकडे! मान उजवीकडे! टाचा वर! रिसोलत, टाचा म्हणाले मी, भुवया नव्हे!" बैठं काम करणाऱ्या प्रत्येकानं रोज पाच मिनिटं कवायत करायची असं त्या काळी सरकारी फर्मानच होतं, आणि फर्मान अमलात आणायला सल्तनतसारखी बाई अख्ख्या फरगाना खोऱ्यात दुसरी नव्हती. थाळ रंगवणाऱ्या बायका उठायच्या, चाकावरचे कुंभार उठायचे, कचेरीतले कारकून उठायचे. एकदा ताश्कंदहून तपासणीला आलेले दोन साहेबही उठले, घामाघूम होईतो हात फिरवत राहिले आणि तपासणी न करताच जेवायला निघून गेले.

उठला नाही तो एकच. खिडकीजवळ मांडी घालून बसणारा एर्गाश नावाचा चितारी. दहा एकोणसाठला तो थाळाच्या काठावर एक लांबलचक निळी रेघ सुरू करायचा. ती रेघ नेमकी अकरा वाजून पाच मिनिटांनी संपायची. सल्तनत त्याच्या डोक्यावर उभी राहून शिट्टी फुंकायची आणि हा मान वर न करता म्हणायचा, "कवायतीच्या बाई, जरा हळू फुंका. रेघ मोडेल."

दोन वर्षं हा तमाशा चालला. मग एर्गाशनं आपली आई आणि मावशी सल्तनतच्या घरी पाठवली, दोन रोट्या मोडल्या गेल्या, सोयरीक जमली, आणि सगळा कारखाना खिदळला की आता तरी हा उठेल. लग्नानंतर चौथ्या दिवशी सल्तनतनं त्याला सरळच विचारलं, "एक सांगा, तुम्ही उठता तरी कधी?"

"कोणी आलं की उठतो," एर्गाश म्हणाला. "कोणी सांगितलं म्हणून नाही उठत."

आणि ते खरंच होतं. दारात पाऊल वाजलं की हा माणूस उभा. मग येणारा इमाम असो की विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. उजवा हात छातीवर, कमरेत वाकून सलाम, तब्येत कशी, घरचे कसे, मेंढ्या कशा, जर्दाळूंना मोहर कसा. मग पाहुण्याला दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागी बसवायचं, मग आपण बसायचं, दोघांनी दुवा मागून ओंजळ चेहऱ्यावरून फिरवायची. आणि तो निघाला की थेट रस्त्यापर्यंत पोचवायला जायचं. आमच्या खोऱ्यात सगळेच अदबशीर, जिवलग सोडले तर रांगत्या पोराशीसुद्धा आम्ही 'तुम्ही' करून बोलतो, थोरल्या बाईला ओपा आणि थोरल्या पुरुषाला अका म्हणतो. पण एर्गाश-अकांची अदब बघून आम्हालाही लाजल्यासारखं व्हायचं.

पुढे कारखाना बंद पडला. भोंगा गप्प झाला, शिट्टी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर गेली. एर्गाश-अकांनी घरच्या ओसरीवर गादी टाकली, भोवती रंगाच्या वाट्या मांडल्या आणि बसले ते बसलेच. सकाळचा चहा गादीवर, दुपारचं जेवण गादीवर. पाहुणे तरी पूर्वीसारखे कुठे राहिले होते? तरणी माणसं कामाला परदेशी गेली, उरलेली फोनवर बोलायची. उठायला काही कारणच पडेना. वीस वर्षं अशी गेली, आणि एर्गाश-अका बहात्तरचे झाले.

मग नातवाचं लग्न ठरलं.

लग्नाच्या पहाटे पुरुषांचं पुलावाचं जेवण असतं. चारशे माणूस येतं, जेवतं, दुवा देतं आणि दोन-अडीच तासांत आपापल्या कामाला लागतं. घरातला सगळ्यात वडील माणूस दरवाज्यात उभा राहून प्रत्येकाला सलाम करतो. उभा राहून. यात तडजोड नसते.

त्याची रंगीत तालीम एर्गाश-अकांच्या नशिबी आधीच आली. शेजारच्या लग्नाच्या पहाटे त्यांना मानानं दरवाज्यात उभं केलं. पाव तास झाला नाही तोच डावा पाय मुंगी चावली तरी कळेना इतका बधिर झाला, घोटे टम्म फुगले, गुडघ्यानं दगा दिला, आणि अका मागच्या कांद्याच्या पोत्यावर धपकन बसले. तेवढ्यात आलेल्या एका म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं. त्यानं वाकून विचारलं, "काय हो, कांदे पुरतील ना?"

दुसऱ्या दिवशी सल्तनत-ओपानं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चटपटीत. त्यांनी पाय दाबून बघितले, छाती तपासली आणि म्हणाल्या, "अका, हाडं ठीक आहेत, हृदय ठीक आहे. तुम्हाला बसण्याचा आजार झालाय. रक्त पायात साचतं, गुडघे आखडतात. दर अर्ध्या तासाला उठायचं, चार पावलं चालायचं, टाचा वर-खाली करायच्या. एवढं केलंत तर चाळीस दिवसांत फरक दिसेल."

सल्तनत-ओपा स्टुलावरून ताडकन उठली. "सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी दुसरं काय ओरडत होते?"

"कवायत?" एर्गाश-अका मोजे चढवत म्हणाले. "मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?"

संध्याकाळी मुलगा आला. इल्होम नावाचा हा मुलगा मनानं चांगला, पण बोलायच्या आधी विचार करायची त्याला सवय नाही. त्यानं हात चोळत सुचवलं, "दादा, आपण दरवाज्यात छानशी खुर्ची ठेवू. मखमलीची. तुम्ही बसूनच सलाम करा. लोक समजून घेतील."

एर्गाश-अकांनी कुंचला पाण्याच्या वाटीत ठेवला.  मग हसून म्हणाले, "त्यापेक्षा मी आतल्या खोलीत बसेन. बसणं तर मला येतंच."

हसले खरे, पण पुन्हा कुंचला उचलला तेव्हा काठावरची निळी रेघ हलली. बोटभर वाकडी गेली. सल्तनत-ओपानं त्या हाताची रेघ वाकडी गेलेली जन्मात पाहिली नव्हती. ती तंदूरमागे गेली आणि ओढणी तोंडात धरून रडली. नवरा नातवाच्या लग्नात आतल्या खोलीत लपून बसणार, हे तिच्याच्यानं सोसवेना. रडून झाल्यावर तिला राग आला. अख्खा कारखाना उठवला, ताश्कंदचे साहेब उठवले, आणि घरातला एक माणूस उठत नाही म्हणजे काय! तिनं तरातरा जाऊन खिळ्यावरची शिट्टी काढली, ओठांना लावली, आणि तशीच परत अडकवली. शिट्टीनं हा माणूस कधी उठला होता?

कोणी आलं की उठतो.

सल्तनत-ओपा खिळ्यासमोरच उभ्या उभ्या हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रिसोलतच्या अंगणात कारखान्यातल्या सहा जुन्या मैत्रिणी जमल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्यांनी सल्तनतच्या शिट्टीवर टाचा झिजवलेल्या. सल्तनत-ओपानं वहीचं पान फाडून वेळापत्रक मांडलं. नऊ वाजता रिसोलत, चाळणी परत द्यायला. साडेनऊला रिसोलतचा नवरा, तीच चाळणी परत मागायला. दहाला अमुक, साडेदहाला तमुक, थेट संध्याकाळपर्यंत.

"आणि नुसतं जायचं नाही," ती बोट नाचवत म्हणाली. "प्रत्येकीला काम आहे. तू वरच्या फळीवरचा थाळ बघायला मागायचास, म्हणजे ते टाचा उंचावून हात ताणतील. तू अंगणातल्या मातीचा रंग कसा आहे विचारायचंस, म्हणजे खाली बसून उठतील. तू चहाला थांबायचं नाहीस, लगेच निघायचंस, म्हणजे रस्त्यापर्यंत पोचवायला येतील."

"आणि मी?" रिसोलत म्हणाली.

"तू फक्त तोंड बंद ठेव. तुझ्यासाठी तीच कवायत."

पहिला दिवस भयंकर गेला. नऊ वाजता रिसोलत दारात उभी राहिली. एर्गाश-अकांनी खांब धरला, कण्हले, एक गुडघा, मग दुसरा, मग बऱ्याच वेळानं कंबर. सरळ होईपर्यंत रिसोलतच्या डोळ्यांत पाणी. साडेदहापर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण उठले. प्रत्येकासाठी उठले. पाचव्या दिवशी खांब सुटला. आठव्या दिवशी कण्हणं सुटलं. दहाव्या दिवशी वरच्या फळीवरचा थाळ काढताना ते चक्क चवड्यांवर उभे राहिले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सल्तनत-ओपा तोंडातल्या तोंडात मोजत होती, "एक, दोन, तीन, धरून ठेवा... सोडा!"

एकदा पाहुणा चुकला. साडेतीनची बाई दातदुखीनं घरी राहिली. आता काय करायचं? सल्तनत-ओपानं ओढणी नीट केली, मागच्या दारानं बाहेर पडली, वळसा घालून पुढच्या दरवाज्यानं आत आली आणि ठसक्यात म्हणाली, "अस्सलाम अलैकुम!"

एर्गाश-अकांनी मानही वर केली नाही. "ओनासी, चहा आणलात का?"

ओनासी म्हणजे पोरांची आई. घरच्या माणसासाठी कोण उठतं? सल्तनत-ओपा फणकारत चहा करायला गेली.

पण खरे हाल वेगळेच झाले. आमच्याकडे कोणी रिकाम्या हातानं येत नाही. प्रत्येक पाहुणी एक वाडगा घेऊन यायची, वर रुमाल झाकून. आणि आलेला वाडगा रिकामा परत पाठवायचा नसतो. दिवसाला सोळा वाडगे! सल्तनत-ओपा पहाटे तंदूर पेटवायची, भोपळा भरलेले सामसे लाटून तंदुरात भाजायची, तंदूर ते ओसरी, ओसरी ते दरवाजा, दिवसभर नुसती पळत असायची. ज्याला उठवायचं तो दिवसातून सोळा वेळा उठत होता, आणि उठवणारीला बसायला सवड नव्हती. तिचा झगा कमरेत ढिला झाला. तिचे सामसे मात्र मोहल्ल्यात इतके गाजले की वेळापत्रकात नाव नसलेलेही वाडगा घेऊन यायला लागले.

अठराव्या दिवशी एकाच सकाळी अकरा जण आले. एर्गाश-अका उठले, बसले, उठले, बसले. थाळावर एकही पान रंगवून झालं नाही. शेवटच्या पाहुण्याला रस्त्यापर्यंत पोचवून ते परत आले आणि ओसरीच्या पायरीवर विचार करत उभे राहिले. लोक येतायत. रोज येतायत. जेवण घेऊन येतायत. आपल्याकडे टक लावून बघतायत, आपण उठलो की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतंय. आणि दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी ओनासीला बाजूला घेतलं होतं.

आमच्या भागात लोक असे रांगेनं वाडगे घेऊन कोणाकडे जातात ते कोणाला सांगायला लागत नाही. जो या जगातून चालला असतो, त्याच्याकडे.

"अस्सं," एर्गाश-अका स्वतःशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता रिसोलत चाळणी घेऊन आली. एर्गाश-अका उठले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रिसोलत-ओपा, इतकी वर्षं शेजार झाला. माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. माझ्यावर राजी असा."

रिसोलतच्या हातातली चाळणी पडली. असं कोण बोलतं आणि कधी बोलतं ते तिलाही ठाऊक होतं. ती हमसून हमसून रडली, "मीही राजी, तुम्हीही राजी असा," म्हणाली, आणि तशीच धावत सुटली. सल्तनतनं आपल्यापासून खरी गोष्ट लपवली, हा एवढा खटाटोप त्यासाठीच होता, अशी तिची खात्रीच पटली. तोंड बंद ठेवायची कवायत तिला तिथून पुढे जमली नाही. दुपारपर्यंत एर्गाश-अका अखेरच्या घटका मोजतायत ही बातमी कालव्यापलीकडे पोचली होती.

आता वेळापत्रक वगैरे काही उरलं नाही. अख्खा मोहल्ला लोटला. न्हावी आला, इमाम आले, जुन्या कारखान्याचा रखवालदार काठी टेकत आला. एर्गाश-अका प्रत्येकासाठी उठले, प्रत्येकाची माफी मागितली, प्रत्येकाला रस्त्यापर्यंत पोचवलं. सगळ्यांना एकच आश्चर्य वाटत होतं. मरणारा माणूस इतका भराभरा चालतो कसा?

"अखेरचा जोर असतो तो," न्हावी जाणकारासारखं म्हणाला.

सल्तनत-ओपा बिचारी तंदूरपाशी. आज एवढी गर्दी का, हे तिला उमगेना. वाडगे मोजायचंही तिनं सोडून दिलं होतं. संध्याकाळी तिनं पीठ माखलेल्या हातानं ओसरीवर डोकावलं तर गादी रिकामी. कुंचले पुसून, रुमालात बांधून ठेवलेले. नवरा घरात नाही, अंगणात नाही, रस्त्यावर नाही. 

थोड्या वेळानं दरवाज्यातून दोन म्हातारे आत आले, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून. एक एर्गाश-अका. दुसरा मामासोली. कालव्याच्या टोकाला राहणारा भट्टीवाला मामासोली, ज्याच्याशी एर्गाश-अका अकरा वर्षं एक शब्द बोलले नव्हते! चाळीस थाळ भट्टीत तडकले होते तेव्हापासून. मामासोली म्हणायचा माती वाईट, एर्गाश-अका म्हणायचे आच वाईट. त्याचं घर इथून चांगलं वीस मिनिटांवर, तेही चढावर.

मामासोलीचे डोळे सुजले होते. "सल्तनत-ओपा," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "आच माझीच वाईट होती. मी कबूल केलं. मला फक्त सांगा, किती दिवस सांगितलेत?"

"कशाचे?"

"यांचे."

सल्तनत-ओपानं एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "दादासी," पोरांच्या बाबांना ती आयुष्यभर याच नावानं हाक मारत आली होती, "तुम्ही कालव्यापर्यंत चालत गेलात? त्या चढावर? आणि चालत आलात?"

"अंथरुणाला खिळायच्या आत जायचं होतं."

"कोण खिळतंय अंथरुणाला?"

"मी. डॉक्टरीणबाई तुम्हाला बाजूला घेऊन बोलल्या ना?"

"अहो, त्या मला सामशांचं प्रमाण विचारत होत्या!"

मग सगळं बाहेर आलं. वेळापत्रक, फळीवरचा थाळ, अंगणातली माती, चाळणी. सांगता सांगता सल्तनत-ओपाला हसू आवरेना. मामासोली तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"म्हणजे मी मरत नाहीये," एर्गाश-अका म्हणाले.

"छे!"

"आणि ती चाळणी?"

"आपलीच आहे ती."

मामासोलीनं डोळे पुसले. "अहो, मग माझ्या आचेचं काय? मी तर कबूल करून बसलो!"

"आता मागे घेता येणार नाही," एर्गाश-अका तत्काळ म्हणाले, आणि दोघंही म्हातारे ओसरीच्या कडेला टेकून इतके हसले की मामासोलीला ठसका लागला.

पण मामासोली गेल्यावर एर्गाश-अका गंभीर झाले. त्यांना लागलं होतं. "तुम्ही मला सांगायला हवं होतंत, ओनासी. अख्ख्या मोहल्ल्याला माहीत, आणि मलाच नाही."

"सांगितलं म्हणून तुम्ही उठत नाही," सल्तनत-ओपा म्हणाली. "आतल्या खोलीत बसेन म्हणालात ना, त्या दिवशी माझ्या काळजाचं पाणी झालं. तुम्हाला दरवाज्यात बघायचं होतं मला. बाकी काही नाही."

एर्गाश-अका उठून दरवाज्यापाशी गेले. त्यांनी अडसर लावला. "लग्नापर्यंत कोणी यायचं नाही. मला थाळ पुरे करायचेत." वीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी घर सुनं सुनं. तंदूर थंड. सल्तनत-ओपा स्वयंपाकघरात हात गालाला लावून बसली होती. सगळं मुसळ केरात गेलं म्हणून ती स्वतःवरच चिडली होती. घड्याळात साडेनऊ झाले. ओसरीवर गादी कुरकुरली. एर्गाश-अका उठले, दरवाज्यापाशी गेले, अडसर काढला, रस्त्यावर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि परत आले.

"कोणी आलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही. मला वाटलं, आलं."

दहा वाजता पुन्हा वाटलं. साडेदहाला पुन्हा. अकराला वाटलं नाही, तेव्हा ते एक लांब रेघ ओढत होते. साडेअकराला मात्र त्यांना इतकं जोरात वाटलं की ते थेट कोपऱ्यापर्यंत बघून आले, आणि येताना वरच्या फळीवरचे थाळ नीट आहेत ना म्हणून टाचा उंचावून तपासून घेतले. सल्तनत-ओपा ओढणीत तोंड खुपसून हसत होती. वीस दिवस असंच चाललं. दर अर्ध्या तासाला त्यांना कोणीतरी आल्यासारखं वाटायचं. दोघांपैकी एकानंही कवायत हा शब्द काढला नाही.

लग्नाची पहाट उजाडली. अंगणात तीन कढया रटरटत होत्या, रस्त्यावर सनईचे लांब सूर लागले होते, आणि दरवाज्यात नवा चोगा घालून, टोपी किंचित तिरपी ठेवून एर्गाश-अका उभे होते. इल्होमनं मखमलीची खुर्ची आणलीच होती, गुपचूप दाराआड ठेवली होती. एर्गाश-अकांनी तिच्यावर पाहुण्यांचे चोगे टाकायला सांगितले.

माणसं येत राहिली. छातीवर हात, कमरेत वाक, तब्येत कशी, घरचे कसे. शंभर, दोनशे, तीनशे. जे लोक गेल्याच महिन्यात त्यांचा अखेरचा निरोप घेऊन गेले होते ते तर त्यांना चिमटा काढून बघायचे. न्हावी दोनदा आला, खात्री करायला. ज्या म्हाताऱ्यानं कांद्यांची चौकशी केली होती तो वाकून म्हणाला, "इथले यजमान तर भरभक्कम दिसतायत. कांद्यावर कोण आहे?" मामासोली शेजारी उभा राहून हळूच विचारत होता, "पाय कसे आहेत?" आणि अका ओठ न हलवता म्हणायचे, "आहेत. दोन्ही आहेत." बोलता बोलता चोग्याआड टाचा वर-खाली, वर-खाली.

चारशे अकरा माणसं. अडीच तास. खुर्चीवर चोग्यांचा ढीग.

पुरुष जेवून पांगले, मग बायकांची वर्दळ झाली, मग तीही ओसरली. कढया घासायला पडल्या. तेव्हा कुठे एर्गाश-अका दरवाज्याजवळच्या बाकावर टेकले, बूट काढले, डोळे मिटले. सल्तनत-ओपा पहाटे तीनपासून पायांवर होती. तिच्या केसांत पीठ होतं, कपाळावर काजळी होती. तिनं किटली आणि एक वाटी उचलली आणि नवरीकडच्या माणसांना निरोप देऊन रस्त्याकडून दरवाज्यात आली.

पाऊल वाजलं. एर्गाश-अकांनी डोळे उघडले. दारात कोण आहे ते त्यांनी पाहिलं, आणि ते उठले.

अनवाणी उठले. खांब न धरता, न कण्हता. उजवा हात छातीवर ठेवून ते कमरेत वाकले. सल्तनत-ओपानं मागे वळून पाहिलं, कोण पाहुणा आला म्हणून. मागे कोणी नव्हतं.

"या, कवायतीच्या बाई," एर्गाश-अका म्हणाले. "अकरा वाजले वाटतं."

खरंच वाजले होते. सल्तनत-ओपानं किटली बाकावर ठेवली. आयुष्यभर माणसांना उठवणाऱ्या त्या बाईला काय करावं सुचेना. ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम झालं. शेवटी तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत जो शब्द एकदाही उच्चारला नव्हता तो तिच्या तोंडून निघाला.

"बसा हो," ती म्हणाली. "बसा आता."